वायमार प्रजासत्ताकाचे जहाल विरोधक, १९१९ ते १९२३: डावे आणि उजवे एकाच मापाने मोजावेत का?

परीक्षेतला प्रश्न असा आहे: पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत आलेल्या नव्या लोकशाहीला पहिल्या पाच वर्षांत डाव्या आणि उजव्या जहालांनी घेरलं होतं. दोघांपैकी जास्त धोकादायक कोण, आणि इतके उठाव होऊनही सरकार पडलं कसं नाही?

पहिल्या भागाचं उत्तर एका शब्दात देता येतं: उजवे. दुसऱ्या भागाला मात्र वेळ लागेल.

बहुतेक नोट्समध्ये हा विषय एका तक्त्यात उरकलेला असतो. डाव्या रकान्यात स्पार्टाकिस्ट, बव्हेरिया, रुर, हँबुर्ग. उजव्या रकान्यात काप, राटेनाउ, म्युनिक. नावं आणि तारखा बरोबर असतात, पण एक गोष्ट त्यात मावत नाही. डावे सरकारवर बाहेरून चालून येत होते, तर उजव्यांची बरीच माणसं आधीपासूनच सरकारी पगारावर होती: लष्करात, न्यायासनावर, पोलीस खात्यात, म्युनिकच्या मंत्रालयात. म्हणून डाव्यांचा उठाव चिरडला जायचा आणि शिक्षाही पुरेपूर व्हायची. उजव्यांचा उठाव फसायचा, पण शिक्षा नावापुरती. उत्तराचा कणा हा ठेवा, मग तारखा आपोआप जागेवर बसतात.

ही माणसं खुर्चीवर राहिली कशी, हे समजायला १० नोव्हेंबर १९१८च्या रात्रीपासून सुरुवात करावी लागते. आदल्या दिवशी कैसरने, म्हणजे जर्मन सम्राटाने, गादी सोडल्याची घोषणा झाली होती. सोशल डेमोक्रॅट नेते शायडेमान यांनी राइशस्टागवरून, म्हणजे संसदेच्या इमारतीवरून, प्रजासत्ताक पुकारलं आणि थोड्याच वेळात कार्ल लीबक्नेश्त यांनी राजवाड्यापाशी दुसरं, समाजवादी प्रजासत्ताक पुकारलं. दुसऱ्या रात्री जनरल ग्रोनर यांनी नवे सरकारप्रमुख, सोशल डेमोक्रॅट फ्रीडरिश एबर्ट यांना फोन केला. ठरलं ते इतकंच: लष्कर सरकारला साथ देईल, सरकार अधिकाऱ्यांच्या हुकमतीला हात लावणार नाही आणि बोल्शेविकांना थारा देणार नाही. एबर्ट यांना यासाठी गद्दार म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण त्यांच्यापुढचा पेचही बघायला हवा. युद्धबंदीच्या अटींनुसार फ्रान्स आणि बेल्जियममधून १५ दिवसांत सैन्य मागे घ्यायचं होतं, दोस्तांची सागरी नाकेबंदी चालूच होती, शहरांत उपासमार होती. लाखो सैनिक रेल्वेने शिस्तीत घरी आणण्याचं तंत्र फक्त त्याच अधिकाऱ्यांना येत होतं. सौदा नाइलाजाचा होता. चूक पुढे झाली: नड सरल्यावरही तो मोडला नाही.

नोकरशाहीचं तेच. पुढे संविधानाने न्यायाधीशांना तहहयात नेमणूक आणि सरकारी नोकरांना त्यांचे ‘कमावलेले हक्क’ यांची हमी दिली. कागदावर ही उदारमतवादी तरतूद होती. प्रत्यक्षात कैसरच्या काळात घडलेला, राजनिष्ठेची शपथ घेतलेला अख्खा न्यायाधीशवर्ग जसाच्या तसा प्रजासत्ताकात उतरला.

आता डावी बाजू. जानेवारी १९१९च्या बर्लिनमधल्या उठावाला स्पार्टाकिस्टांचं, म्हणजे लीबक्नेश्त आणि रोझा लुक्झेंबुर्ग यांच्या क्रांतिकारी गटाचं, नाव चिकटलं आहे, पण ठिणगी त्यांनी टाकली नव्हती. ४ जानेवारीला बर्लिनचे पोलीसप्रमुख एमिल आइशहॉर्न यांना बडतर्फ केलं गेलं. ते सोशल डेमोक्रॅटांतून फुटलेल्या स्वतंत्र समाजवादी पक्षाचे. निषेधाच्या मोर्चाला ५ तारखेला अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त कामगार आले, आणि त्या गर्दीच्या जोरावर सरकारच पाडू असं क्रांतिकारी कामगार प्रतिनिधी, स्वतंत्र समाजवादी आणि लीबक्नेश्त यांनी मिळून ठरवलं. कम्युनिस्ट पक्ष तेव्हा जेमतेम आठवड्याचा होता. त्याच्या स्थापना-परिषदेत निवडणुकीवर बहिष्काराचा ठराव रोझा लुक्झेंबुर्ग यांचा सल्ला धुडकावून मंजूर झाला होता. उठावाची वेळ आलेली नाही, हेही त्यांचं मत होतं.

उठाव फसला त्याची कारणं अगदी व्यवहारातली आहेत. बंडखोरांनी वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या, त्यात सोशल डेमोक्रॅट पक्षाचं मुखपत्र ‘फोरव्हेर्ट्स’ही आलं. पण मंत्रालयं हातात आली नाहीत. बर्लिनमधल्या सैन्याच्या तुकड्या त्यांच्याकडे वळल्या नाहीत. ज्या खलाशांवर त्यांची भिस्त होती, त्यांनी आम्ही तटस्थ आहोत असं कळवलं. क्रांतिसमितीवर पन्नासच्या वर माणसं, चर्चा संपेना, आणि थंडीत रस्त्यावर उभ्या असलेल्या लोकांना पुढे काय करायचं ते कुणी सांगेना. एका आठवड्यात सगळं संपलं. मृतांचा आकडा दीडशेच्या वर गेला. १५ जानेवारीला लीबक्नेश्त आणि लुक्झेंबुर्ग यांना पकडून ईडन हॉटेलात नेलं गेलं आणि कॅप्टन वाल्डेमार पाब्स्टच्या माणसांनी त्यांचा खून केला. लुक्झेंबुर्ग यांचं प्रेत कालव्यात टाकलं. खटला लष्करी न्यायालयात, म्हणजे त्याच तुकडीच्या सहकाऱ्यांपुढे चालला. दोघांना दोन-सव्वादोन वर्षांच्या शिक्षा झाल्या, त्यातला एक अधिकारी लगेच हॉलंडला पळाला. पाब्स्टवर खटला कधी भरलाच गेला नाही.

या खुनांनी पुढचं राजकारण नासवलं. संरक्षणाचं काम बघणारे गुस्टाव्ह नोस्के सोशल डेमोक्रॅट होते. त्यांनी फ्रायकोर, म्हणजे माजी अधिकाऱ्यांनी उभारलेल्या भाडोत्री स्वयंसेवक तुकड्या, कामगारांवर सोडल्या. मार्च १९१९मध्ये बर्लिनमध्ये पुन्हा लढाई झाली, सुमारे १,२०० माणसं मेली. शस्त्रासह सापडेल त्याला जागीच गोळी घाला, असा नोस्के यांचा हुकूम होता. सोशल डेमोक्रॅट आणि कम्युनिस्ट हे कामगारवर्गाचे दोन पक्ष यानंतर एकमेकांना कधीच माफ करू शकले नाहीत.

बव्हेरियाचं प्रकरण उत्तरात चार ओळींत आटपावं, पण एक तुलना सोडू नये. २१ फेब्रुवारी १९१९ला तिथले पंतप्रधान कुर्ट आइस्नर यांना काउंट आर्को या तरुण सरदाराने भर रस्त्यात गोळ्या घातल्या. त्यातून उसळलेल्या गोंधळात एप्रिलमध्ये म्युनिकला सोव्हिएत प्रजासत्ताक जाहीर झालं, आधी कवी-लेखकांचं, मग ऑयगेन लेव्हिने यांच्या नेतृत्वाखाली कम्युनिस्टांचं. लाल रक्षकांनी शाळेच्या इमारतीत १० ओलिसांना मारलं. मेच्या सुरुवातीला सैन्य आणि फ्रायकोर शहरात घुसले, सहाशेच्या वर माणसं मेली. आता शिक्षा बघा. लेव्हिने यांना राजद्रोहाबद्दल जूनमध्येच गोळ्या घालून मारलं. आर्कोला फाशीची शिक्षा झाली, ती दुसऱ्याच दिवशी किल्ल्यातल्या कैदेत बदलली आणि १९२४मध्ये तो बाहेर आला. किल्ल्यातली कैद म्हणजे ‘सन्माननीय’ कैद: सक्तमजुरी नाही, कपडे स्वतःचे, पाहुण्यांना मुभा. हा शब्द पुढे पुन्हा लागेल.

मधल्या काळात जनतेचा कौल काय होता, हे आकड्यांत ठेवा. १९ जानेवारी १९१९च्या निवडणुकीत ८३ टक्के मतदान झालं, स्त्रिया पहिल्यांदाच मतदार होत्या. सोशल डेमोक्रॅट ३७.९, कॅथलिक सेंटर १९.७, डेमोक्रॅट १८.५ टक्के. म्हणजे लोकशाहीवादी तीन पक्षांना मिळून ७६ टक्के. बर्लिनमध्ये शांतता नव्हती म्हणून संविधानसभा वायमार या गावी भरली, त्यावरून हे नाव पडलं.

उजव्यांकडे तेव्हा मतं नव्हती, पण त्यांना एक गोष्ट आयती मिळाली: तहाची. २८ जून १९१९च्या व्हर्सायच्या तहाने सैन्य १,००,०००वर आणलं आणि युद्धाची जबाबदारी जर्मनीवर टाकली. सही करायला लागली ती नव्या सरकारला. याच्या जोडीला १८ नोव्हेंबर १९१९ला फील्डमार्शल हिंडेनबुर्ग यांनी संसदीय चौकशी समितीपुढे साक्ष दिली की सैन्याच्या पाठीत खंजीर खुपसला गेला. वस्तुस्थिती उलटी होती. युद्धबंदी मागा, ती ताबडतोब मागा, असा धोशा २९ सप्टेंबर १९१८ला लुडेनडॉर्फ आणि हिंडेनबुर्ग या सेनापतींच्या जोडीनेच लावला होता. वाटाघाटीला मात्र नागरी नेता पाठवला, सेंटर पक्षाचे माटियास एर्झबेर्गर. युद्धबंदीच्या कागदावर सही त्यांची, सेनापतींची नाही. युक्ती साधी होती आणि ती लागू पडली.

काप बंडाला उत्तरात सगळ्यांत जास्त जागा द्या. राज्ययंत्रणा कुठे वाकते आणि कुठे अडते, हे इतकं उघड दुसरीकडे दिसत नाही.

सैन्य एक लाखावर आणायचं म्हटल्यावर फ्रायकोर बरखास्त करावे लागणार होते. फेब्रुवारीच्या अखेरीस फ्रायकोरचा एक म्होरक्या एरहार्ट याच्या नौदल ब्रिगेडला तसा हुकूम गेला. बर्लिनचे सेनापती ल्युटविट्झ यांनी तो मानायला नकार दिला. १२ मार्च १९२०च्या रात्री डोबेरिट्झच्या छावणीतून ब्रिगेड निघाली, शिरस्त्राणांवर स्वस्तिक रंगवलेलं. संरक्षणमंत्री नोस्के यांनी सेनापतींना विचारलं, रोखणार का? जनरल राइनहार्ट वगळता जवळजवळ सगळ्यांनी टाळाटाळ केली. सैन्य सैन्यावर गोळी झाडत नाही, अशी जनरल झेक्ट यांची भूमिका. कामगारांवर झाडायला वर्षभरापूर्वी हरकत नव्हती, हे इथे एका वाक्यात नोंदवून पुढे जावं. पहाटे मंत्रिमंडळ ड्रेस्डेनला, तिथून श्टुटगार्टला गेलं. १३ मार्चला सकाळी ब्रिगेड ब्रांडेनबुर्ग दरवाजातून आत आली आणि पूर्व प्रशियातला अधिकारी वोल्फगांग काप चान्सेलरच्या, म्हणजे सरकारप्रमुखाच्या, खुर्चीत बसला.

पुढचे चार दिवस म्हणजे खुर्ची मिळून सत्ता न मिळण्याचं उदाहरण. सोशल डेमोक्रॅट मंत्र्यांच्या नावाने सार्वत्रिक संपाची हाक निघाली, कामगार संघटनांचे कार्ल लेगिएन यांनी संपाची सूत्रं हातात घेतली. बर्लिनमध्ये ट्राम, गॅस, वीज, पाणी, छापखाने बंद. देशभरात एक कोटीच्या वर लोक कामावर गेले नाहीत. पण फक्त कामगारांना श्रेय देऊन थांबू नका. मंत्रालयांतले वरिष्ठ अधिकारी, राजेशाहीवादी असूनही, कापचे हुकूम घेईनात. राइशबँकेत पैसे मागायला माणूस गेला तर अधिकृत सही नाही म्हणून परत पाठवला. प्रजासत्ताकावर प्रेम होतं म्हणून हे झालं नाही. नियमात बसत नाही ते करायचं नाही, ही प्रशियाच्या कारकुनाची सवय होती, आणि हे टिकेल की नाही याची खात्रीही नव्हती. १७ मार्चला कापने राजीनामा दिला आणि तो स्वीडनला पळाला. परत जाताना ब्रिगेडने हुर्यो उडवणाऱ्या गर्दीवर गोळ्या झाडल्या, डझनभर लोक मेले.

हिशेब काय लागला? राजद्रोहाबद्दल शिक्षा झालेला माणूस एकच, बर्लिनचा माजी पोलीसप्रमुख यागो: पाच वर्षांची किल्ल्यातली कैद. काप खटल्याआधीच कोठडीत वारला. नोस्केंना जावं लागलं आणि सैन्याची सूत्रं मिळाली झेक्टना, ज्यांनी सरकारला वाचवायला नकार दिला होता. त्याच आठवड्यांत रुर खोऱ्यातले खाणकामगार संप संपवायला तयार नव्हते. त्यांची पन्नास हजारांवर माणसांची ‘लाल सेना’ उभी राहिली होती. ती मोडायला सरकारने सैन्य आणि फ्रायकोर पाठवले, त्यांत काल कापला साथ देणाऱ्या तुकड्याही होत्या. हजारावर कामगार मेले. जूनमध्ये निवडणूक झाली तेव्हा ७६ टक्क्यांची आघाडी ४४ टक्क्यांच्या खाली आली होती. सोशल डेमोक्रॅट २१.७वर घसरले, त्यांची मतं डावीकडच्या स्वतंत्र समाजवाद्यांकडे गेली. उजवीकडे राष्ट्रवादी १५ टक्क्यांवर चढले. वायमारच्या तीन पक्षांना पुन्हा कधीही राइशस्टागच्या निवडणुकीत बहुमत मिळालं नाही.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी, कारण नोट्समध्ये ती सहसा नसते. प्रशिया या सगळ्यांत मोठ्या राज्यात कार्ल झेव्हेरिंग गृहमंत्री झाले आणि त्यांनी कापला साथ देणारे जिल्हाधिकारी-पोलीसप्रमुख बदलायला सुरुवात केली. पोलीस राज्यांकडे असल्यामुळे हे जमलं. लष्कर आणि न्यायालयांत असं काही झालं नाही, आणि बव्हेरियात तर उलटंच घडलं. काप बंडाच्या गडबडीतच तिथलं समाजवादी सरकार जाऊन गुस्टाव्ह फॉन कार आले आणि म्युनिक हे उत्तरेत पोलिसांना हव्या असलेल्या प्रत्येक उजव्या फरार माणसाचं माहेर बनलं.

एरहार्टही तिथेच गेला. लाकूड व्यवसायाच्या कंपनीची पाटी लावून त्याने ऑर्गानिझात्सिओन कोन्सुल ही गुप्त संघटना चालवली. उठाव फसतो तर माणसं वेचून मारू, त्याने डावे चिडून उठतील आणि मग सैन्याला हस्तक्षेप करावाच लागेल, असा त्यांचा हिशेब. पहिलं मोठं सावज एर्झबेर्गर. त्यांची आधीच बदनामी झाली होती. हेल्फेरिश या उजव्या नेत्याविरुद्धच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात न्यायालयाने हेल्फेरिशला फक्त ३०० मार्क दंड केला आणि आरोप बऱ्याच अंशी खरे ठरवले. एर्झबेर्गर यांना अर्थमंत्रिपद सोडावं लागलं. २६ ऑगस्ट १९२१ला काळ्या जंगलात फिरायला गेले असताना दोघांनी त्यांना गोळ्या घातल्या. मारेकरी म्युनिकमार्गे हंगेरीत पोचले. त्यांना शिक्षा झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर.

२४ जून १९२२ला परराष्ट्रमंत्री वाल्टर राटेनाउ. बर्लिनच्या ग्रुनेवाल्डमधल्या घरून ते सकाळी उघड्या मोटारीतून निघाले, पोलीस संरक्षण त्यांनी नाकारलं होतं. क्योनिगसअलेच्या वळणावर गाडीचा वेग कमी होतो. तिथे मागून आलेल्या मोटारीने त्यांना गाठलं, एकाने सबमशीनगन चालवली, दुसऱ्याने हातबॉम्ब टाकला. राटेनाउ ज्यू होते, युद्धात कच्च्या मालाचं नियोजन त्यांनीच उभं केलं होतं. मारेकऱ्यांना त्याचं काही नव्हतं. या वेळी मात्र हिशेब उलटला. देशभर लाखोंचे मोर्चे निघाले, चान्सेलर विर्ट यांनी राइशस्टागमध्ये उजव्या बाकांकडे बोट दाखवून शत्रू उजवीकडे उभा आहे असं सुनावलं, आणि जुलैत दोन-तृतीयांश बहुमताने प्रजासत्ताक संरक्षण कायदा झाला.

या कायद्याचे भाग नीट पाहा, कारण तो का फसला हे त्यातच कळतं. प्रजासत्ताकाविरुद्ध कट, मंत्र्यांच्या खुनाला चिथावणी, असल्या संघटना आणि सभा यांवर बंदीची तरतूद. लाइपझिगला खास न्यायालय: नऊ सदस्य, त्यांतले तिघेच सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश, उरलेले सहा राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले. म्हणजे जुन्या न्यायाधीशांवर विश्वास नाही, हे कायद्याने जवळजवळ मान्यच केलं. शिवाय दोषी ठरलेल्या परदेशी माणसाला हद्दपार करायचं कलम. पण बव्हेरियाने कायदा तसाच लागू करायला नकार देऊन स्वतःचा वेगळा वटहुकूम काढला आणि वाटाघाटीत सवलती मिळवल्या. इतर ठिकाणी कायदा राबवायचा होता तो त्याच न्यायव्यवस्थेने, आणि तो कम्युनिस्टांवर जास्त चालला.

न्यायव्यवस्थेचा कल मोजणारा माणूस म्हणजे हायडेलबेर्गचे संख्याशास्त्रज्ञ एमिल गुंबेल. १९२२पर्यंतच्या त्यांच्या मोजणीत उजव्यांनी केलेले राजकीय खून ३५४, त्यांतले ३२६ शिक्षेविना सुटले. डाव्यांनी केलेले २२, त्यांतले फक्त चार शिक्षेविना. हे आकडे वापरताना दोन पथ्यं पाळा. ही राजकीय खुनांची मोजदाद आहे, रस्त्यावरच्या लढाईत मेलेल्यांची नाही. आणि ३५४मध्ये म्युनिक पडल्यानंतर पकडून मारलेले लोकही येतात, म्हणजे सगळे गुप्त संघटनेचे बळी नव्हेत. इतकं लिहिलं की परीक्षकाला कळतं की आकडा पाठ केलेला नाही, समजून घेतलेला आहे.

१९२३ हे दोन्ही बाजूंच्या उठावांचं वर्ष. जानेवारीत फ्रान्स-बेल्जियमच्या सैन्याने रुरचं औद्योगिक खोरं घेतलं. सरकारने असहकार पुकारला आणि संपावरच्या कामगारांचे पगार नोटा छापून दिले. १९१४मध्ये डॉलरला ४.२ मार्क पडत. नोव्हेंबर १९२३मध्ये ४.२ लाख कोटी. २६ सप्टेंबरला चान्सेलर स्ट्रेझमान यांनी असहकार मागे घेतला आणि उजव्यांना शरणागतीची नवी ओरड मिळाली. त्याच दिवशी बव्हेरियाने कारना सर्वाधिकार दिले. उत्तरादाखल राष्ट्राध्यक्ष एबर्ट यांनी संविधानाचं कलम ४८ वापरून देशभर आणीबाणी लावली.

हे कलम भारतीय विद्यार्थ्याला ओळखीचं असतं, कारण आणीबाणीत मूलभूत हक्क स्थगित करण्याची आपल्याकडची तरतूद वायमारवरून घेतली असं प्रत्येक राज्यशास्त्राच्या पुस्तकात असतं. १९४९मध्ये संविधानसभेत ह. वि. कामत यांनी याच साम्यावरून जोरदार हरकत घेतली होती. कलमाचे तपशील असे: राष्ट्राध्यक्ष सैन्य वापरू शकतो आणि व्यक्तिस्वातंत्र्य, घर, टपाल, लेखन, सभा, संघटना, मालमत्ता असे सात हक्क स्थगित करू शकतो. आदेशावर चान्सेलरची किंवा मंत्र्याची सही लागते, आणि राइशस्टागने मागणी केली तर आदेश मागे घ्यावा लागतो. मर्यादा ठरवणारा पूरक कायदा व्हायचा होता, तो कधी झालाच नाही. एबर्ट यांनी हे कलम सव्वाशेहून जास्त वेळा वापरलं, बऱ्याचदा निव्वळ आर्थिक आदेशांसाठी. त्यांनी ते लोकशाही वाचवायला वापरलं यात शंका नाही. सवय मात्र लागली.

ऑक्टोबरात कम्युनिस्ट सॅक्सनी आणि थुरिंगियाच्या सरकारांत सामील झाले. मॉस्कोची योजना अशी की तिथून शस्त्रं मिळवून रशियातल्या ऑक्टोबर क्रांतीसारखा ‘जर्मन ऑक्टोबर’ घडवायचा. २१ तारखेला केम्निट्झच्या कामगार परिषदेत कम्युनिस्ट नेते ब्रांडलर यांनी संपाचा प्रस्ताव मांडला, सोशल डेमोक्रॅटांनी तो उचलला नाही, आणि योजना तिथेच मोडली. हँबुर्गच्या कम्युनिस्टांनी तरीही २३ला पहाटे बंदुकांसाठी पोलीसठाण्यांवर हल्ले केले. लढणारे शेकड्यांत होते, गोदीतले हजारो कामगार त्यांच्या मागे आले नाहीत. दोन-तीन दिवसांत शंभराच्या आसपास मृत्यू. बर्लिनने सॅक्सनीत सैन्य पाठवून तिथलं निवडून आलेलं सरकार बरखास्त केलं. बव्हेरियात मात्र जनरल लोसो यांनी आपल्या तुकड्यांना बर्लिनऐवजी बव्हेरियाच्या सरकारची शपथ द्यायला लावली, हे उघड बंड होतं, आणि तिकडे कुणी सैनिक पाठवला नाही. हा भेदभाव सहन न होऊन सोशल डेमोक्रॅट मंत्रिमंडळातून बाहेर पडले.

बव्हेरियावर सैन्य न जाण्याचं कारण झेक्ट तर होतेच, पण कार आणि लोसो यांना म्युनिकच्या एखाद्या पक्षपुढाऱ्याचं बंड नको होतं. बर्लिनमध्येच वरून हुकूमशाही यावी आणि त्यात आपल्याला जागा मिळावी, याची ते वाट बघत होते. हिटलरला थांबायला वेळ नव्हता. ८ नोव्हेंबरला रात्री ब्युर्गरब्रॉयकेलर या बिअर हॉलमध्ये कारचं भाषण चालू असताना तो शिरला, छतात गोळी झाडली आणि कार, लोसो, पोलीसप्रमुख झायसर यांच्याकडून बंदुकीच्या धाकाने होकार घेतला. मग चुका सुरू झाल्या. हिटलर एका छावणीतला तंटा मिटवायला हॉल सोडून गेला; मागे त्याच्या साथीला आलेल्या माजी सेनापती लुडेनडॉर्फने तिघांना अधिकाऱ्याच्या शब्दावर घरी जाऊ दिलं. टेलिफोन आणि तारयंत्र ताब्यात घेतलं नव्हतं, त्यामुळे रातोरात बाहेरून कुमक मागवली गेली. पैशासाठी छापखान्यांतून नोटांचे गठ्ठे उचलावे लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी सुमारे दोन हजार लोकांचा मोर्चा ओडेऑन चौकात बव्हेरियाच्याच पोलिसांनी गोळीबाराने मोडला. चार पोलीस मेले आणि बंडवाल्यांच्या बाजूचे पंधरा-सोळा.

आता प्रश्नाचा दुसरा भाग, सरकार पडलं का नाही. कापला खजिना आणि कारकून मिळाले नाहीत, हिटलरला टेलिफोन आणि सैन्य मिळालं नाही, डाव्यांना स्वतःच्याच कामगारांचं बहुमत मिळालं नाही. उजव्यांत एकमत नव्हतं: झेक्टना वरून बदल हवा होता, कारना बव्हेरियाचा मान, हिटलरला बर्लिन. फ्रेंच सैन्य रुरमध्ये बसलेलं असताना बर्लिनमध्ये युद्धखोर सरकार आणणं परवडणार नाही, हे समजणारे सेनापती होते. आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून रेंटेनमार्क या नव्या चलनाने घसरण थांबली, पुढच्या वर्षी अमेरिकेच्या पुढाकाराने आलेल्या डॉज योजनेचं कर्ज आलं, पगाराला किंमत आली. यात लोकशाहीवरची निष्ठा हे एक कारण आहे, पण ते १९२०च्या संपात जेवढं ठळक दिसतं तेवढं १९२३मध्ये दिसत नाही.

म्युनिकच्या खटल्यावर एक परिच्छेद हवाच. कायद्याने तो लाइपझिगच्या खास न्यायालयात जायला हवा होता; बव्हेरियाने तो स्वतःच्या लोकन्यायालयात चालवला, दोन न्यायाधीश आणि तीन नागरिक सदस्य. २६ फेब्रुवारी ते १ एप्रिल १९२४. अध्यक्ष नाइटहार्ट यांनी आरोपीला तासन्‌तास भाषणं करू दिली. लुडेनडॉर्फ निर्दोष. हिटलरला राजद्रोहाची किमान शिक्षा, पाच वर्षं, तीही किल्ल्यातली कैद, आणि सहा महिन्यांनी सुटकेचा विचार होईल असं निकालातच लिहिलं. १९२२मध्ये एका विरोधकाची सभा मारहाण करून उधळल्याबद्दल त्याला झालेल्या शिक्षेचा काही भाग चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर स्थगित होता. अट मोडलेली असूनही न्यायालयाने तिकडे पाहिलं नाही. तो ऑस्ट्रियाचा नागरिक, म्हणजे हद्दपारीचं कलम त्याला लागू होत होतं. न्यायालयाने म्हटलं, इतक्या जर्मन मनाच्या आणि जर्मन सैन्यात लढलेल्या माणसाला ते लावायचं नाही. २० डिसेंबर १९२४ला तो बाहेर आला.

उत्तर १९२३वर तोडू नका, मे १९२४च्या निकालापर्यंत न्या: कम्युनिस्ट १२.६ टक्के, राष्ट्रवादी १९.५, नाझी आणि त्यांचे साथीदार ६.५. उठाव मोडले, पण त्यांची मतं संसदेत आली. डिसेंबर १९२४मध्ये चलन सावरल्यावर कम्युनिस्ट नऊ आणि नाझी गट तीन टक्क्यांवर उतरले. त्याच महिन्यात माग्डेबुर्गच्या एका न्यायालयाने अब्रुनुकसानीच्या खटल्यात निकाल दिला की जानेवारी १९१८च्या संपात भाग घेऊन एबर्ट यांनी कायद्याच्या भाषेत देशद्रोह केला होता. राष्ट्राध्यक्ष अजून पदावर होते. अपिलाच्या कामात त्यांनी आपलं दुखणं अंगावर काढलं आणि २८ फेब्रुवारी १९२५ला ते वारले. त्यांच्या जागी दोन महिन्यांत निवडून आले ते हिंडेनबुर्ग.